रक्ताचा फेरा

आजच्या भाषणास आरंभ करण्यापूर्वीं आपणांस एक लहानशी विनंति करतों. उजव्या हाताचीं तीन बोटें डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशीं, हलकेंच टेकवावीं आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहून एक मिनिटभर नाडीचे ठोके मोजावे. आपण स्वस्थ बसलेले असाल तर बहुतेकांना साठ ते ऐंशी यांच्या दरम्यान कोठें तरी आंकडा सांपडेल. तो लक्षांत ठेवावा. शेवटीं त्याचें काम पडणार आहे. मोजण्याचें हें काम मी मुद्दाम प्रथम सांगितलें, कारण आज मला जी गोष्ट सांगावयाची आहे ती सारी मोजण्यावरच उभी आहे.

मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि छत्तीस वर्षें हातीं खडू धरून आतां निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. इतर विषयांबरोबर शास्त्र शिकविण्याचें काम माझ्याकडे असे. दर वर्षीं फळ्यावर हृदयाचें चित्र काढावें, एका बाजूला तांबडा व दुसऱ्या बाजूला निळा खडू फिरवावा, बाणांनीं रक्ताचा मार्ग दाखवावा, आणि मुलांनीं तो वहींत उतरून घ्यावा, असा क्रम चालला. तो धडा मला तोंडपाठ होता. परंतु एखादी गोष्ट तोंडपाठ असणें आणि ती समजलेली असणें यांत किती अंतर असतें, तें मला एका रात्रीं कळून आलें. ती हकीकत मी पुढें सांगणार आहें.

‘रक्ताभिसरण’ हा शब्द आपण सर्व जण शाळेंतच शिकलों आहों, म्हणून त्यांत कोणाला नवल वाटत नाहीं. पण रक्त देहांत फिरतें, निघाल्या जागीं परत येतें, ही गोष्ट मनुष्याला फार उशिरां उमगली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन नांवाचा एक मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला. रोहिणींत, म्हणजे हृदयाकडून निघणाऱ्या वाहिन्यांत, हवा नसून रक्तच असतें, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. एवढा तो चौकस होता. तथापि रक्ताच्या गतीविषयीं त्याची समजूत निराळी होती. आपण खातों त्या अन्नाचें यकृतांत रक्त बनतें, तें नीलांतून सर्व अवयवांकडे जातें आणि अवयव तें शोषून संपवून टाकतात, असें तो सांगे. हृदयाच्या उजव्या व डाव्या भागांमध्यें जो मांसल पडदा आहे त्याला अदृश्य छिद्रें असून, त्यांतून थोडें रक्त डावीकडे झिरपतें, असेंही त्याचें म्हणणें होतें.

ज्यांनीं बागायती शेत पाहिलें असेल त्यांना गेलेनचें हें चित्र चटकन् समजेल. विहिरीचें पाणी पाटाला लागतें, पाटांतून वाफ्यांत शिरतें, आणि वाफ्यांतील माती तें पिऊन टाकते. पाटाचें पाणी कधीं विहिरींत परत येत नाहीं. रक्त हें असें पाटाचें पाणी आहे, या समजुतीवर सुमारें चौदाशें वर्षें वैद्यक चाललें. आपण तरी हसण्याचें कारण नाहीं. ‘काळीज’ हा आपला शब्दच पाहा. मायेनें तुटतें तें काळीज म्हणजे हृदय, आणि खाटकाच्या दुकानांतील काळीज म्हणजे यकृत. दोहोंची गल्लत आपल्या भाषेंतही मुरलेली आहे.

या समजुतीला कोणीं हटकलेंच नाहीं, असें नव्हे. दमास्कस येथें जन्मलेला व कैरो येथें नांवारूपास आलेला इब्न अल्-नफीस हा वैद्य तेराव्या शतकांतच लिहून गेला कीं, हृदयांतील तो पडदा जाड आहे, त्याला छिद्रें नाहींत. उजवीकडील रक्त डावीकडे जावयाचें तर तें फुप्फुसांतूनच गेलें पाहिजे. परंतु त्याचा तो ग्रंथ विस्मृतींत गेला. १९२४ सालीं बर्लिनमधील एका हस्तलिखितावरून त्याच्याकडे पुन्हा विद्वानांचें लक्ष गेलें. सोळाव्या शतकांत वेसालियसनें मानवी देह स्वतः चिरून पाहिले आणि ‘हीं छिद्रें मला दिसत नाहींत’ असें लिहिलें. त्यानंतर इटलींतील पादुआ विद्यापीठांत फाब्रिसियस या अध्यापकानें नीलांच्या आंत जागोजाग लहान लहान झडपा असल्याचें दाखविलें. पण त्या कशासाठीं? हातापायांत रक्ताचा एकदम लोंढा येऊं नये म्हणून, असें उत्तर त्यानें दिलें. वस्तु डोळ्यांना दिसली होती. तिचा अर्थ दिसला नव्हता.

तो अर्थ ज्याला दिसला तो याच फाब्रिसियसचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे. त्याचा जन्म १५७८ सालचा. पादुआची पदवी घेऊन तो १६०२ सालीं मायदेशीं परतला, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत वैद्य झाला, आणि पुढें राजवैद्यही झाला. त्यानें कुत्रीं, डुकरें, साप, बेडूक, मासे अशा नाना प्राण्यांचीं हृदयें चालतांना पाहिलीं. कुत्र्याचें हृदय इतकें झपाट्यानें चालतें कीं, आकुंचन कोणतें व प्रसरण कोणतें हें कळेनासें होतें. बेडकाचें व सापाचें हृदय सावकाश चालतें, म्हणून त्यावर त्याची भिस्त होती. मुठींत पाणी धरून मूठ आवळावी तसें हृदय आवळतें, त्याच क्षणीं रक्त बाहेर ढकललें जातें, आणि त्याच क्षणीं नाडी उडते, असें त्यानें ठरविलें. त्यापूर्वीं हृदय फुगतें तेंच त्याचें खरें काम, असें मानीत असत.

आणि मग हार्वेनें तें केलें जें गणिताचा कोणताही चांगला शिक्षक करील. त्यानें हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्यासरशीं किती रक्त बाहेर पडत असेल? त्यानें वादाला जागा राहूं नये म्हणून मुद्दाम थोडा अंदाज धरला : अर्धा औंस, म्हणजे सुमारें १५ ग्रॅम. अर्ध्या तासांत ठोके किती? तेही कमींत कमी धरले : एक हजार. आतां गुणाकार करा. अर्ध्या तासांत १५ किलो रक्त हृदयांतून बाहेर पडलें. दिवसाचे अर्धे तास अठ्ठेचाळीस. म्हणजे दिवसाकांठीं ७२० किलो! मनुष्य दिवसभरांत खातो पितो तें सारें मिळून चार-पांच किलोंच्या घरांत. मग एवढें रक्त रोज नवें कोठून होणार? आणि तें झालें तरी अवयव तें शोषून टाकणार कसे? खाटीक जनावराची रोहिणी कापतो तेव्हां पाव तासाच्या आंत देहांतील सारें रक्त वाहून जातें. मग हृदय अर्ध्या तासांत जें बाहेर टाकतें तें देहांतील एकंदर रक्ताहून अधिक कसें? या कोड्याचें उत्तर एकच संभवतें. रक्त नवें येत नाहीं. तेंच तें पुन्हा पुन्हा येतें. तें पाटाचें पाणी नव्हे. तें रहाटगाडगें आहे. भरलेलीं गाडगीं एका बाजूनें चढतात, रिकामीं दुसऱ्या बाजूनें उतरतात, आणि माळ तीच असते.

श्रोतेहो, हा गुणाकार सातव्या इयत्तेंतील मुलाला येतो. गेलेनला तो येत नव्हता असें नाहीं, आणि त्याच्यामागून आलेल्या शेंकडों पंडितांना येत नव्हता असेंही नाहीं. तो करून पाहावा असें त्यांच्या मनांत आलें नाहीं, एवढेंच.

हिशेबाला हार्वेनें प्रयोगाची जोड दिली. दंडाला पट्टी घट्ट आवळली कीं मनगटाची नाडी बंद पडते व हात गार होऊं लागतो, कारण खोल असलेल्या रोहिणीही दबतात. तीच पट्टी थोडी सैल केली कीं नाडी पुन्हा लागते, पण हात तांबडा होऊन सुजतो व नीला दोरीसारख्या तट्ट फुगतात. रक्त रोहिणींतून आंत येतें आहे, पण वरच्या थरांतील नीला अजून दाबलेल्या असल्यामुळें तें परत जाऊं शकत नाहीं. म्हणजे रक्त रोहिणींनीं जातें व नीलांनीं परततें.

दुसरा प्रयोग आपण घरबसल्या करूं शकतां. हात थोडा वेळ खालीं लोंबत ठेवावा. मग हाताच्या मागच्या बाजूस किंवा कोपराखालीं एखादी सरळ, ठळक नीला निवडावी. तिच्यावर एक बोट दाबून ठेवावें आणि दुसऱ्या बोटानें तेथपासून कोपराच्या दिशेनें नीला निपटावी. मधला भाग सपाट होऊन राहील. वरचें बोट उचललें तरी रक्त मागें उतरणार नाहीं, कारण वाटेंत झडप आहे. आतां खालचें बोट उचला. नीला तत्काळ खालून भरून येईल. पादुआच्या गुरूला ज्या झडपांचा अर्थ लागला नाहीं त्यांचा अर्थ हा : रक्तानें हृदयाकडेच जावें, मागें फिरूं नये. वयोवृद्ध मंडळींनीं व ज्यांच्या नीला नाजूक असतील त्यांनीं हा प्रयोग दुसऱ्याच्या हातावर पाहावा, इतकेंच सुचवितों.

हार्वेचें ७२ पृष्ठांचें लॅटिन पुस्तक १६२८ सालीं फ्रँकफुर्ट येथें छापून निघालें. त्याचें स्वागत कसें झालें? पॅरिसच्या नामांकित अध्यापकांनीं विरोध केला. हृदयाचा ठोका छातीवर ऐकूं येतो असें हार्वेनें लिहिलें होतें, तर व्हेनिसच्या एका वैद्यानें ‘आमच्याकडे तर कोणाला ऐकूं येत नाहीं’ म्हणून टवाळी केली. पुस्तक निघाल्यावर आपल्याकडे येणारे रोगी फार कमी झाले, असें खुद्द हार्वे सांगत असे, हें त्याच्या ओळखीच्या चरित्रलेखकानें नोंदून ठेवलें आहे. तरी त्याच्या हिशेबांत चूक कोणाला दाखवितां आली नाहीं.

एक दुवा मात्र त्याच्या हातीं लागला नव्हता. रोहिणींतील रक्त नीलांत शिरतें कोठून? त्याच्यापाशीं पुरेसें सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें. १६५७ सालीं तो वारला, आणि अवघ्या चार वर्षांनीं, १६६१ सालीं, बोलोन्याच्या माल्पीघी या शास्त्रज्ञानें बेडकाच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांचें जाळें पाहिलें. केसाहूनही पुष्कळ बारीक अशा या वाहिन्या रोहिणीच्या शेवटच्या फांदीला नीलेच्या पहिल्या फांदीशीं जोडतात. रहाटगाडग्याच्या माळेची ती शेवटची कडी होती.

आतां आज जें ज्ञात आहे त्या आधारें हें रहाटगाडगें थोडक्यांत पाहूं. हृदय आपल्या मुठीएवढें, वजनानें पाव किलोहून थोडें अधिक. त्याला चार कप्पे : वरच्या दोन कर्णिका आणि खालच्या दोन जवनिका. खरें पाहतां हे शेजारीं शेजारीं जोडलेले दोन पंप आहेत. उजवा पंप देहांतून परत आलेलें काळपट रक्त फुप्फुसांकडे पाठवितो. तेथें तें कार्बन डायऑक्साइड टाकून प्राणवायु घेतें व लालभडक होऊन डाव्या पंपांत येतें. डावा पंप तें महारोहिणींत फेंकतो आणि तेथून तें डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत जातें. फुप्फुसें अगदीं जवळ, म्हणून उजव्या जवनिकेची भिंत पातळ. डावीला साऱ्या देहाचें काम, म्हणून तिची भिंत सुमारें तिप्पट जाड. कर्णिका व जवनिका यांच्यामध्यें, आणि जवनिकांच्या बाहेरच्या दारांशीं, झडपा आहेत. छातीला कान लावला असतां जे दोन आवाज ऐकूं येतात, ते या झडपा मिटतांना होतात. पहिला आंतल्या दोन झडपांचा, दुसरा बाहेरच्या दोन झडपांचा.

ठोक्याची आज्ञा हृदयाला बाहेरून यावी लागत नाहीं. उजव्या कर्णिकेच्या भिंतींत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो स्वतःच तालबद्ध विद्युत्-स्पंदनें निर्माण करतो. मेंदूकडून येणाऱ्या मज्जातंतूंनीं तो ताल जलद किंवा मंद होतो, पण ताल धरणारा तो स्वतःच. म्हणूनच एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें तरी, मज्जातंतु तुटलेले असतांही, तें चालूं लागतें. केप टाउन येथें १९६७ च्या डिसेंबरांत जगांतील अशी पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि १९६८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्र. कु. सेन यांनीं तिचा भारतांतील पहिला प्रयत्न केला.

हार्वेनें मुद्दाम कमी धरलेला आंकडा आज आपणांस नीट माहीत आहे. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या एका ठोक्यासरशीं सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतें. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळ जवळ ५ लिटर. आणि देहांतील एकंदर रक्त तरी किती? साधारण तेवढेंच, पांच लिटर. म्हणजे सारें रक्त मिनिटाभरांत एक फेरा पुरा करतें! चोवीस तासांत एक लाख ठोके आणि सात हजार लिटर. गच्चीवरील हजार लिटरच्या सात टाक्या, ओळीनें मांडलेल्या. आणि एवढें काम करणारें हें हृदय विश्रांति घेतच नाहीं असें आपण म्हणतों तें खरें नाहीं. एका ठोक्याला जो पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यांत जवनिका आवळलेली असते ती सुमारें एक तृतीयांश. उरलेला वेळ ती सैल पडून भरत असते. काम थोडें, विसावा अधिक, पण विसावा प्रत्येक कामानंतर लगेच, असा हा शहाणा कामकरी आहे.

रक्त म्हणजे नुसतें तांबडें पाणी नव्हे. त्यांतील निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर द्रव असतो. बाकीचा बहुतेक तांबड्या पेशींचा. या पेशी इतक्या लहान कीं, सव्वाशें-दीडशें पेशी एका ओळींत मांडल्या तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो. त्यांतील लोहयुक्त हीमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें. एका पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवस. म्हणून हाडांतील मगज दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवीत असतो. केशवाहिनींत या पेशी एकामागून एक, एका रांगेनें, जातात. महारोहिणींत धांवणारें रक्त येथें अगदीं संथ होतें; नदी पसरली कीं तिचा ओघ मंदावतो, तसेंच. ही मंदगति हाच खरा बाजार : येथें प्राणवायु व अन्न दिलें जातें आणि टाकाऊ पदार्थ घेतले जातात. साऱ्या फेऱ्याचें प्रयोजन त्या सेकंद-दोन सेकंदांत आहे. परतीच्या वाटेवर पोटरीचे स्नायु नीलांना दाबून रक्त वर चढवितात, झडपा तें खालीं घसरूं देत नाहींत. म्हणून एका जागीं तासन् तास बसणाऱ्याचे पाय सुजतात, आणि चालणाऱ्याचे हलके राहतात.

रक्त केवळ किती वाहतें एवढेंच नव्हे, तर तें किती जोरानें वाहतें, हेंही मोजतां येतें. स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें एका घोडीच्या रोहिणींत नळी बसवून तिला उंच कांचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलें. हें त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलें. माणसावर असा क्रूर प्रयोग करण्याची गरज पुढें उरली नाहीं. १८९६ सालीं इटलीच्या रिवा-रोची यानें दंडाला बांधण्याची हवेची पट्टी व पाऱ्याची नळी योजिली, आणि १९०५ सालीं रशियाच्या कोरोट्कॉफ यानें पट्टीखालीं नळी लावून आवाज ऐकण्याची रीत दाखविली. पाऱ्याचें यंत्र आतां मागें पडत चाललें असून विजेवर चालणारीं यंत्रें घरोघर आलीं आहेत. पण तत्त्व हार्वेच्या पट्टीचेंच आहे. १२० आणि ८० हे जे दोन आंकडे डॉक्टर सांगतात, त्यांतील पहिला हृदय आवळतें तेव्हांचा दाब, दुसरा तें सैल पडतें तेव्हांचा.

आतां ती हकीकत. आमच्या शाळेंत गणिताचे एक शिक्षक होते. वयानें माझ्याहून चार वर्षांनीं वडील, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणत असें. काटेकोर माणूस. दुधाचा, किराण्याचा, विजेचा हिशेब पैशापैशांनीं मांडून ठेवीत. रक्तदाब मात्र त्यांनीं कधीं मोजून घेतला नाहीं. ‘मला काय धाड भरली आहे, मास्तर?’ असें हसून म्हणत. एका डिसेंबरांत, संमेलनाच्या तयारीसाठीं सायंकाळपर्यंत थांबलों असतां, दुसरा मजला चढून आल्यावर ते बाकावर बसले. म्हणाले, ‘छातीवर वरवंटा ठेवल्यासारखें वाटतें आहे हो. पित्त उसळलेलें दिसतें.’ थंडीचे दिवस असून त्यांच्या कपाळावर घाम होता. डावा हात ते चोळीत होते. मी त्यांना रिक्षांतून घरीं पोंचविलें. आल्याचा रस दिला, लिंबू-सोडा दिला. वहिनींनीं मला विचारलें, ‘भाऊजी, डॉक्टरांना बोलवायचें का?’ आणि मी, शास्त्राचा शिक्षक, म्हणालों, ‘वहिनी, पित्तच आहे. सकाळीं बघूं.’

सकाळ त्यांनीं पाहिली नाहीं. पहाटेच्या आधींच सारें आटोपलें.

त्याच दिवशीं दुपारच्या तासाला मीं फळ्यावर हृदय काढून दाखविलें होतें. तांबडा खडू, निळा खडू, बाण, सारें ठीक होतें. फळ्यावरचें हृदय मला ठाऊक होतें. समोर बसलेल्या माणसाच्या छातींतलें मला ओळखतां आलें नाहीं. गेलेनच्या अनुयायांना मी वर्गांत हसत असें. ‘पित्तच आहे’ हें माझें वाक्य त्यांच्याच जातीचें होतें : न मोजतां, न तपासतां, पूर्वापार चालत आलेलें. वहिनींनीं मला कधीं शब्दानें दोष दिला नाहीं. तो मी आपला मलाच देतों, आणि आज हें बोलावयास बसलों तें त्याच कारणानें.

अण्णांच्या छातींत त्या रात्रीं काय घडत होतें, तें नंतर डॉक्टरांना विचारून मीं समजून घेतलें. हृदयाच्या कप्प्यांतून दिवसाला हजारों लिटर रक्त जातें, पण हृदयाच्या जाड भिंतीला त्यांतील थेंबही परभारें घेतां येत नाहीं. घरोघर पाणी भरणारा पाणक्या खांद्यावरच्या घागरीला तोंड लावीत नाहीं; त्याला त्याचें पाणी वेगळेंच मिळावें लागतें. तसें महारोहिणी निघतांच तिला दोन लहान फांद्या फुटतात आणि त्या हृदयालाच रक्त पुरवितात. या फांद्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें चरबीचे थर सांचतात. नळांत क्षार बसतो तसे ते वरवर बसत नाहींत. ते भिंतीच्या आंत वाढतात, आणि कधीं तरी त्यांवरचें पातळ आवरण फाटतें. मग रक्त तेंच करतें जें तें बोट कापलें असतां करतें : जखम बुजविण्यासाठीं गोठतें. जो गुण एरवीं प्राण वांचवितो तोच येथें वाट बंद करतो. त्या फांदीच्या पुढील स्नायूला रक्त मिळेनासें होतें, आणि मिनिटागणिक तो मरूं लागतो. पहिल्या तास-दोन तासांत औषधानें किंवा नळी घालून वाट मोकळी केली तर पुष्कळसा स्नायु वांचतो. आम्हीं ते तास आल्याच्या रसांत घालविले.

तेव्हां घरोघरच्या वडील मंडळींना माझें हात जोडून सांगणें आहे. छातींत दाब, जडपणा किंवा आवळल्यासारखी वेदना येऊन ती कांहीं मिनिटांत थांबली नाहीं, ती हात, मान, जबडा किंवा पाठ यांकडे पसरली, बरोबर थंड घाम, धाप, मळमळ असली, तर पित्त आहे कीं काय याचा खल करीत बसूं नये. स्त्रियांना व मधुमेह्यांना वेदना थोडी आणि धाप किंवा थकवाच अधिक, असेंही होतें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तिला बोलवावें आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयांत जावें. पित्त निघालें तर उत्तमच. फुकट गेलेली फेरी कोणाच्या जिवावर येत नाहीं.

आणि वेळ येण्याआधींच मोजावें. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. तो आंकड्यांतच दिसतो. वर्षांतून एकदां तरी मोजावा. मोजण्याआधीं अर्धा तास चहा-तंबाखू नको. पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें. हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. एका आंकड्यावर भिऊं नये कीं निर्धास्त होऊं नये, दोन-तीन वेळां पाहावें. वारंवार १४० आणि ९० किंवा त्यांहून अधिक आला तर डॉक्टरांकडे जावें, आणि त्यांनीं दिलेलें औषध ‘आतां बरें वाटतें’ म्हणून आपल्याच मनानें सोडूं नये. मिठाचें प्रमाण माणशीं दिवसाला ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या, आंत असावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते; लोणचें, पापड व फरसाण यांतील मीठही त्यांतच धरावें. तंबाखू कोणत्याही रूपानें नको. आणि रोज अर्धा तास तरी झपझप चालावें.

आरंभीं मोजलेला आंकडा आपल्या लक्षांत असेल. मी बोलावयास लागल्यापासून सुमारें वीस मिनिटें झालीं. आपल्या आंकड्याला विसांनीं गुणा. तो सत्तर असेल तर चौदाशें ठोके झाले, आणि शंभर लिटरच्या आसपास रक्त आपल्या हृदयांतून जाऊन परत आलें. त्यासाठीं आपणांस कांहींही करावें लागलें नाहीं. त्याच्या बदल्यांत थोडें मोजण्याचे कष्ट घ्यावे. आज रात्रीं जेवणाआधीं घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ बसावें, त्यांची नाडी पाहावी, आणि रक्तदाब शेवटचा केव्हां मोजला होता एवढें विचारावें. उत्तर आठवत नसेल, तर उद्यांचें पहिलें काम तेंच.